जुन्या हंटर जेटचे प्लॅस्टिक किट जोडणे आणि रंगवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे नेमक्या कोणत्या किटसाठी आहेत?

हॉकर हंटर या ब्रिटिश लढाऊ जेटची १/७२ मापातील जुनी किट, विशेषतः एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९६० च्या सुमारास काढलेले एफ.६ या आवृत्तीचे किट, हा या उत्तरांचा आधार आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतील बहुतेक जेट किटचे दोष एकाच जातीचे आहेत, त्यामुळे येथे सांगितलेले बरेचसे काम त्या काळातील मिग, सेबर किंवा फँटमलाही लागू पडेल. हंटर निवडण्याचे कारण सरळ आहे. हे विमान भारतीय हवाई दलात १९५७ पासून होते, डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनी लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाड्यांची वाताहत केली, आणि आपल्याकडे मॉडेल करणाऱ्यांना कधी ना कधी ते करावेसे वाटतेच.

१/७२ म्हणजे हातात किती मोठे विमान येते?

खऱ्या हंटर एफ.६ ची लांबी सुमारे १३.९८ मीटर आणि पंखांचा विस्तार १०.२६ मीटर होता. ७२ ने भागल्यास मॉडेल सुमारे १९४ मिलिमीटर लांब आणि १४२ मिलिमीटर रुंद भरते. हे माप इंचफुटांच्या हिशेबातून आले आहे, म्हणजे मॉडेलवरचा एक इंच हा खऱ्या विमानावरचा सहा फूट. भागाकाराची ही सवय लावून घ्यावी, कारण पुढच्या अनेक प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात.

आज याच विमानाची अधिक अचूक किट मिळत असताना जुन्या किटवर वेळ का घालवावा?

केवळ अचूक हंटर हवे असेल तर घालवू नये. नव्या साच्यांतील भाग नेमके बसतात, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा बारीक आणि खोदलेल्या असतात, कॉकपिट भरलेले असते. जुन्या किटला त्या पातळीवर नेण्यासाठी लागणाऱ्या श्रमांत दोन नवी किट उभी राहतील. जुने किट करावे ते वेगळ्या कारणांसाठी: भाग कमी असतात, काम लवकर आकार घेते, आणि भरणे, घासणे, खोदणे ही हातकामे शिकण्याची संधी मिळते, जी नवे किट देतच नाही. शिवाय एखादा प्रयोग फसला तरी फारसे नुकसान नसते. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते: कोणते दोष दुरुस्त करायचे आणि कोणते तसेच ठेवायचे. हे न ठरवता जो प्रत्येक दोषाच्या मागे लागतो त्याचे किट अर्धवट अवस्थेत माळ्यावर जाते. डोळा प्रथम जेथे जातो, म्हणजे हूड (कॉकपिटवरचे काचेचे झाकण), धडाचा वरचा जोड, पंखाची मागची कड आणि रंगाचा पृष्ठभाग, तेथेच बहुतेक मेहनत घालावी आणि चाकांच्या खोबणीच्या आतल्या नळ्यांचा नाद सोडावा.

सीलबंद जुना खोका उघडावा की जपून ठेवावा?

खोक्याला संग्राहकांच्या लेखी मोल असते, विशेषतः रॉय क्रॉस या चित्रकाराने १९६४ ते १९७४ या काळात एअरफिक्ससाठी रंगवलेल्या चित्रांच्या खोक्यांना. आपला खोका पहिल्या काळातला आणि न उघडलेला असेल, तर तो संग्राहकाला देऊन त्याच साच्यातील नंतरची, साधी प्रत घ्यावी; प्लॅस्टिक तेच निघते. साचे दशकानुदशके वापरले जात. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीचे अनेक साचे तर कंपनी बंद पडल्यावर सोव्हिएत रशियात गेले आणि तेथून 'नोव्हो' या नावाने बाहेर पडले. खोका आधीच फाटलेला आणि दोन भाग हरवलेले असतील, तर विचार करत बसू नये.

खोका उघडल्यावर पहिले काम कोणते?

मोजणी. सूचनापत्रावरील प्रत्येक क्रमांक सांगाड्यावर (भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) आहे का ते पाहावे, कारण दुसऱ्या हातून आलेल्या किटमध्ये हमखास हरवणारा भाग म्हणजे काचेचा हूड. त्यानंतर सर्व सांगाडे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या दातब्रशने धुवावेत आणि वाऱ्यावर वाळवावेत. साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश, त्यावर साचलेली धूळ आणि आधीच्या मालकाच्या बोटांचे तेल हे तिन्ही रंगाला धरू देत नाहीत. धुताना मोरीच्या जाळीवर कापड टाकावे. लहान भाग सुटून गेला की परत येत नाही.

पंख किंवा धडाचे अर्धे भाग वाकलेले असल्यास काय करावे?

किटचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असते आणि ते सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून उकळते पाणी धोक्याचे. हाताला सोसेल त्याहून थोडे गरम, साधारण ६० अंशांचे पाणी घेऊन भाग त्यात मिनिटभर ठेवावा, बाहेर काढून हळूहळू उलट दिशेने वाकवावा आणि त्याच स्थितीत धरून नळाच्या थंड पाण्याखाली न्यावा. एका खेपेत पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरू नये. धडाच्या अर्ध्या भागातील किंचित बाक जोडताना आपोआप निघतो. पंखाचा बाक निघत नाही, आणि समोरून पाहिल्यावर तो लगेच उघडा पडतो. फार जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असू शकते, त्यामुळे आधी सांगाड्याचाच एखादा तुकडा वाकवून अंदाज घ्यावा.

उठावाच्या रेषा आणि रिव्हेट घासून टाकावेत का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे एकच उत्तर नाही. मॉडेलवरील ०.१ मिलिमीटर उंचीची रेषा खऱ्या विमानावर ७.२ मिलिमीटर उंचीचा कंगोरा होईल. हंटरचा पत्रा गुळगुळीत होता. असे कंगोरे त्याच्यावर कोठेही नव्हते. त्यामुळे हिशेबाने पाहता उठावाची रेषा चूकच आहे. पण खोदलेली रेषाही बहुधा तितकीच अवास्तव असते, फक्त आपल्या डोळ्यांना तिची सवय झाली आहे.

माझे मत असे आहे की रिव्हेट घासून टाकावेत आणि रेषांचा निर्णय रंगावर सोडावा. ब्रशने एनॅमल (तेलावर आधारलेला रंग) लावायचे असेल तर ६०० क्रमांकाच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने रेषा फक्त दबवाव्यात. रंगाचा थर त्यांना आणखी बुजवतो आणि जे उरते ते पुरेसे दिसते. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, पातळ थर द्यायचे असतील आणि नंतर रेषांत गडद रंग उतरवायचा असेल, तर रेषा पुन्हा खोदाव्या लागतील. त्यासाठी जाड चिकट लेबलपट्टी रेषेलगत लावून तिच्या कडेने खोदण्याची सुई हलक्या हाताने ओढावी. पहिल्या दोन ओढींत भार जवळजवळ देऊच नये, कारण सुई एकदा घसरली की पुढची प्रत्येक ओढ त्याच चुकीच्या चरीत जाते. उठावाची जुनी रेषा घासण्यापूर्वी तिच्याच कडेने खोदून घेतली तर मार्ग आयता मिळतो. संपूर्ण विमान खोदण्याची गरज नाही. नाकाखालचा तोफांचा कप्पा आणि पंखांवरील हलणारे भाग एवढे खोदले तरी मॉडेलमध्ये पुष्कळ फरक पडतो.

पंखाची मागची कड फार जाड दिसते. ती पातळ करता येते का?

येते, आणि जुन्या किटवर करण्यासारखे सर्वांत किफायतशीर काम हेच आहे. पंखाच्या दोन्ही भागांच्या आतल्या बाजू, जोडण्यापूर्वी, सपाट काचेवर चिकटवलेल्या ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरवर फक्त मागच्या कडेकडे भार देऊन घासाव्यात. कड एका मिलिमीटरची असेल तर खऱ्या विमानावर ती ७२ मिलिमीटरची फळी झाली. तिसऱ्या हिश्श्यावर आणली तरी डोळ्याला पटते. कडेचे प्लॅस्टिक उजेडाकडे धरल्यावर किंचित पारदर्शक दिसू लागले की थांबावे. चाकांच्या झडपांनाही हीच कृती लागू आहे, मात्र त्या घासताना बोटाला पकड मिळावी म्हणून मागे चिकटपट्टीची घडी लावावी.

कॉकपिटमध्ये काहीच नसते. किती भर घालावी?

त्या काळातील किटमध्ये बहुधा एक साधे आसन आणि त्यावर बसवायचा वैमानिक एवढेच मिळते. हूड बंद ठेवणार असाल तर १/७२ मध्ये जाड काचेतून आसनाचा वरचा भाग, खांद्यांचे पट्टे आणि समोरच्या उपकरणफलकाचा माथा यांपलीकडे काही दिसत नाही. म्हणून आसनाला रंगवलेल्या कागदाचे पट्टे, माथ्यावर हंटरच्या मार्टिन-बेकर आसनाचे (आणीबाणीत वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन) पडद्यासारखे कव्हर ओढण्याच्या दोन कड्या बारीक तारेच्या, आणि फलकावर प्लॅस्टिकच्या पत्र्याचा तुकडा, एवढे पुरे. वैमानिक बसवला तर आसनाचा प्रश्नच बहुतांशी मिटतो, आणि जुन्या किटला वैमानिक शोभतोही.

पुढे वजन घालावेच लागते का? कशाचे घालावे?

हंटर तीन चाकांवर उभे राहते आणि त्याच्या धडाचा बराच भाग मुख्य चाकांच्या मागे आहे, त्यामुळे वजन न घातल्यास मॉडेल शेपटीवर बसते. वजन शक्य तितके नाकाच्या टोकाकडे घालावे. किती, हे ठरवण्यासाठी धड, पंख आणि शेपूट चिकटपट्टीने तात्पुरते जोडून मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलावे आणि नाक निःसंशय खाली जाईपर्यंत भर घालावी. नंतर पुट्टी आणि रंग यांचे वजन मागेही वाढते, म्हणून थोडे अधिकच ठेवावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मासे पकडण्याच्या गळाचे शिसे वापरणे सोयीचे असते, परंतु ते फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात बसवू नये. बंद पोकळीत अशा गोंदातून सुटणाऱ्या अॅसिटिक आम्लाची शिशाशी प्रक्रिया होते, शिशावर पांढरा क्षार वाढत जातो आणि काही वर्षांनी तो नाकाचा जोड आतून उकलतो. शिसे दोन भागांच्या इपॉक्सीत बसवावे. सायकलच्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्याही चालतात. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत, आणि ते घासून धूळ करू नये.

कोणता गोंद कोठे वापरावा?

पॉलिस्टायरीनला पातळ द्रव सिमेंट सर्वांत चांगले. टॅमिया या जपानी कंपनीच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीतील सिमेंटमध्ये ब्युटाइल अॅसिटेट आणि अॅसिटोन असतात. ही द्रावके प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतात आणि दोन भाग एकजीव होतात. भाग कोरडेच जुळवून धरावेत, ब्रशाचे टोक फटीला लावावे, द्रव आपोआप आत ओढला जातो. काही क्षणांनी दाब दिल्यास फटीतून मऊ प्लॅस्टिकचा बारीक मणी बाहेर येतो. तो पुसू नये. दोन दिवसांनी तो कठीण झाल्यावर घासला की बऱ्याचदा पुट्टीची गरजच उरत नाही. ट्यूबमधला जाड गोंद नवशिक्याला सोपा वाटतो, पण तो तार धरतो आणि बोटांवाटे नेमका हूडवर पोहोचतो. फेव्हीक्विकसारखा झटपट गोंद धातूचे भाग आणि वजन यांसाठी, तर फेव्हिकॉल काचेसाठी राखून ठेवावा.

हंटरच्या कोणत्या जोडांवर फटी येतात आणि त्या कशाने भराव्यात?

पंखाचे मूळ, जेथे हवा आत घेणारी तोंडे आहेत तो भाग, आणि धडाच्या पोटावरचा मधला जोड. पंखाच्या मुळाशी फट रुंद असेल तर पुट्टी थापण्याऐवजी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची पट्टी सिमेंटने आत बसवावी आणि नंतर सपाट करावी. पुट्टी आक्रसते, पट्टी आक्रसत नाही. केसाएवढ्या फटींसाठी झटपट गोंद थेंबाथेंबाने भरून त्याच दिवशी घासावा, कारण उशीर केल्यास तो प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतो आणि घासताना आजूबाजूचे प्लॅस्टिकच झिजते.

आपल्याकडे हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी पुट्टी स्वस्त आणि बारीक असते, पण तिच्यातील द्रावक पॉलिस्टायरीन मऊ करतो. ती कागदाइतक्या पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन लावल्यास उत्तम काम देते; एकदम जाड थापल्यास खालचा पंख खचतो. एमसील आतल्या बाजूच्या मोठ्या पोकळ्यांसाठी ठीक आहे, बाहेरच्या पृष्ठभागासाठी ती भरड पडते.

नाकाखालच्या तोफा आणि मागची नळी यांचे काय?

हंटरच्या कॉकपिटखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफांचा एक संपूर्ण कप्पा असे, जो उतरवून दुसरा भरलेला कप्पा चढवता येई. ३० मिलिमीटर म्हणजे १/७२ मध्ये ०.४२ मिलिमीटर. जुन्या किटमध्ये तोफांची तोंडे नुसते खड्डे किंवा उंचवटे असतात, ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने, पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायच्या दांडीत, धरून, ती कोरावीत. आधी सुईने मध्यबिंदू टोचावा, नाहीतर ड्रिल वक्र पृष्ठभागावरून सरकते. मागच्या नळीत धडाचा जोड आतून दिसतो. पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याची सुरळी आत सरकवून ती गडद धातूच्या रंगात रंगवली की जोड झाकला जातो. पुढच्या हवेच्या तोंडांच्या आत मात्र काळा रंग खोलवर लावून पुढे जावे.

हूडची काच जाड आणि ओरखडलेली आहे. ती सुधारते का?

जाडी तशीच राहते, ओरखडे जातात. २००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली एकाच दिशेने घासून मग मऊ कापडावर साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन चकाकी आणावी. जेलची पेस्ट उपयोगाची नाही. काच बसवताना झटपट गोंद वापरू नये, कारण त्याची वाफ काचेवर पांढुरकी पुटी धरते. द्रव सिमेंटने काचेत बारीक तडे जातात. फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो आणि ओल्या ब्रशने निघतो, एवढे दोन गुण पुरेसे आहेत. चौकटीसाठी मास्किंग टेप काचेवर संपूर्ण चिकटवून टोकदार काडीने कडा दाबाव्यात आणि नव्या पात्याने चौकटीच्या रेषेवरून कापावे. चौकटीचा पहिला थर कॉकपिटच्या आतील रंगाचा द्यावा, म्हणजे आतून पाहिल्यावर योग्य रंग दिसतो.

भारतीय हवाई दलाचे हंटर करायचे असल्यास किटमध्ये काय बदलावे?

भारताने घेतलेले एकआसनी हंटर मार्क ५६ हे एफ.६ वरच आधारलेले होते, त्यामुळे पंखाच्या पुढच्या कडेचा दातासारखा टप्पा आणि धडाची लांबी तीच. मुख्य फरक ब्रेक पॅराशूटचा. त्याचे छोटे आवरण मागच्या नळीच्या वर येते आणि ते पुट्टीतून किंवा सांगाड्याच्या तुकड्यातून कोरून घ्यावे लागते. तोफांच्या कप्प्याच्या खाली गोळ्यांच्या कड्या साठवण्यासाठी असलेले दोन फुगवटे किटमध्ये आहेत का ते पाहावे. ब्रिटिश हवाई दलात त्यांना एका अभिनेत्रीवरून 'सब्रिना' म्हणत. निर्णय पुस्तकातील आकृतीवरून न घेता ज्या विमानाचा क्रमांक लावायचा आहे त्याच विमानाच्या छायाचित्रावरून घ्यावा. हे क्रमांक 'बीए' या अक्षरांनी सुरू होतात.

एअरफिक्सच्या नॅट या छोट्या जेटच्या जुन्या किटमधून भारतीय नॅट होईल का?

हा प्रश्न हंटरच्या बरोबरीने येतो म्हणून येथे घेतला आहे. होणार नाही. ते किट दोन आसनांच्या प्रशिक्षक नॅटचे, ब्रिटनच्या रेड अॅरोज या हवाई कसरतींच्या पथकाने वापरलेल्या विमानाचे आहे. त्या विमानाचे पंख, शेपूट आणि धड एकआसनी लढाऊ नॅटपेक्षा मोठे होते. भारताने वापरले आणि बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधले ते एकआसनी नॅट. लाल विमानाला चंदेरी रंग देऊन चक्रे लावली तर जाणकाराच्या डोळ्यातून ते सुटणार नाही.

एनॅमल वापरावे की अॅक्रिलिक (पाण्यात मिसळणारा रंग)?

ब्रशने रंगवणाऱ्याने एनॅमल घ्यावे. ते हळू वाळते, त्यामुळे ब्रशाच्या रेघा आपोआप सपाट होतात. हंब्रोल या रंगकंपनीचा १६३ हा गडद हिरवा आणि १६४ हा गडद समुद्री करडा, हे दोन क्रमांक हंटरच्या वरच्या बाजूला लागतात. ब्रिटिश मानकात हेच रंग अनुक्रमे ६४१ आणि ६३८ आहेत, आणि दुसऱ्या कंपनीचा रंग निवडताना या मानक क्रमांकांवरूनच जुळवावा. डबीतील रंग तळापर्यंत ढवळावा, हलवून भागत नाही. पातळ करण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन चालते. एनसी थिनर कधीही वापरू नये, तो प्लॅस्टिकच खातो. एअरब्रश असेल तर ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरची नोझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि दुधाइतका पातळ रंग, येथून सुरुवात करून टाकाऊ प्लॅस्टिकवर अंदाज घ्यावा. एनॅमल किंवा लॅकर (थिनरवर आधारलेला, झटपट वाळणारा रंग) फवारताना खिडकी उघडी असावी आणि द्रावकांच्या वाफा रोखणारा मास्क असावा. कापडाचा मास्क येथे निरुपयोगी आहे.

हिरव्या आणि करड्या पट्ट्यांच्या कडा धूसर असाव्यात की स्पष्ट?

स्पष्ट. पुन्हा भागाकार करून पाहावा: खऱ्या विमानावर रंगाची कड ५ सेंटिमीटर रुंदीत धूसर असती, तरी मॉडेलवर ती ०.७ मिलिमीटरच भरली असती, आणि ब्रिटिश हंटरांवरील कडा त्याहून बऱ्याच रेखीव होत्या. आधी संपूर्ण वरची बाजू करड्या रंगात रंगवावी, दोन दिवस वाळू द्यावी, मग सूचनापत्रावरील आकृती मॉडेलच्या मापात झेरॉक्स करून कागदाचे आकार कापावेत आणि मास्किंग टेपच्या लहान तुकड्यांनी करडे भाग झाकावेत. टेपच्या कडेवर पहिला हलका थर पुन्हा करड्याचाच दिल्यास फटींतून तोच रंग झिरपतो आणि हिरवा आत शिरत नाही. टेप काढताना ती स्वतःवरच उलटी दुमडून, रंग पूर्ण कठीण होण्यापूर्वी काढावी.

पोटाचा चंदेरी रंग ठिपकेदार आणि डागाळलेला का येतो?

चंदेरी रंगात धातूचे कण असतात आणि ते खालच्या पृष्ठभागाचे प्रत्येक वैगुण्य ठळक करतात. करड्या रंगाखाली लपलेला ४०० क्रमांकाच्या पेपरचा ओरखडा चंदेरीत स्पष्ट दिसतो. म्हणून पोटाची बाजू १००० ते २००० पर्यंत घासावी, त्यावर चकचकीत काळ्याचा पातळ थर द्यावा, तो पूर्ण वाळला की चंदेरी अनेक हलक्या थरांत द्यावा. ब्रशने देत असाल तर एकदा फिरवलेल्या जागी ब्रश परत नेऊ नये. हंटरचे पोट उघड्या धातूचे नसून अॅल्युमिनियम रंगाने रंगवलेले असे, त्यामुळे आरशासारखी चमक आणण्याचा खटाटोप अनाठायी आहे. सुरुवातीच्या भारतीय हंटरांनाही हीच योजना लागू पडते.

छद्मरंगाचा कंटाळा असेल तर दोन देखणे पर्याय आहेत. १११ स्क्वाड्रनच्या ब्लॅक अॅरोज पथकाने १९५८ साली फार्नबरोच्या विमानप्रदर्शनात २२ हंटरांसह एकत्र उभी गिरकी (लूप) घेतली, ती विमाने चकचकीत काळी होती. आणि चाचणी वैमानिक नेव्हिल ड्यूक यांनी सप्टेंबर १९५३ मध्ये ताशी ७२७.६ मैलांचा जागतिक वेगविक्रम केला ते मार्क ३ संपूर्ण लाल होते. लाल विमानाचे नाक मात्र अधिक टोकदार होते, हे ध्यानात ठेवून कोरीव काम करावे लागेल. चकचकीत काळा घासकामातील एकही चूक माफ करत नाही.

पावसाळ्यात रंगवावे का?

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात शक्यतो जोडणी आणि घासकाम करावे आणि रंग पुढे ढकलावा. दमट हवेत लॅकर आणि त्याचे वार्निश वाळताना हवेतील बाष्प पृष्ठभागावर धरते आणि रंग पांढुरका पडतो. एनॅमल दिवसेंदिवस चिकट राहते आणि तेवढ्यात त्यावर धूळ बसते. रंगवणे अटळ असेल तर पाऊस थांबलेल्या दिवशी, दुपारी, थर अगदी पातळ ठेवून रंगवावे आणि मॉडेल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह वाळत ठेवावे. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचते, त्यामुळे जलविभाजक नसलेल्या कॉम्प्रेसरला या दिवसांत हात लावू नये.

किटमधली डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) पिवळी पडली आहेत. ती वापरता येतात का?

पिवळेपणा बहुधा पारदर्शक पडद्याचा असतो. डीकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवल्यास तो बराच उतरतो. पावसाळी ढगांत अर्थातच उतरत नाही. त्यानंतर नको असलेल्या चिन्हाचा तुकडा कोमट पाण्यात टाकून पाहावा. तो तुकडे तुकडे होऊन विखुरला, तर उरलेल्या कागदावर चकचकीत पारदर्शक वार्निशचा थर द्यावा आणि वाळल्यावर प्रत्येक चिन्ह रेषेलगत कापून घ्यावे, कारण वार्निशमुळे आता संपूर्ण कागदावर एकच सलग पडदा तयार झालेला असतो.

मॅट रंगावर डीकल थेट लावू नये. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि चिन्हाभोवती चंदेरी कडा दिसते. आधी चकचकीत वार्निश, मग डीकल, शेवटी संपूर्ण विमानावर हवे ते मॅट किंवा अर्धचकचकीत वार्निश, हा क्रम बदलू नये. भारतीय चक्र बाहेरून आत केशरी, पांढरे आणि हिरवे असते. केशरी आणि पांढरा हे रंग जुन्या छपाईत पातळ असल्याने खालचा गडद हिरवा त्यातून डोकावतो; तशा ठिकाणी आधी पांढऱ्या रंगाची नेमकी तेवढीच टिकली रंगवून तिच्यावर चक्र लावावे.

विमान किती मळवावे?

फार थोडे. गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून हलणाऱ्या भागांच्या रेषांत सोडावा आणि जास्तीचा रंग हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे पुसावा. खाली एनॅमल असेल तर मध्ये अॅक्रिलिक वार्निशचा थर हवाच, अन्यथा टर्पेंटाइन मूळ रंगच उचलेल. तोफांच्या तोंडांमागे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने ओढली की धुराचा डाग तयार होतो. उठावाच्या रेषा ठेवल्या असतील तर त्यांत रंग उतरत नाही. तेथे मूळ रंगापेक्षा किंचित फिकट रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश रेषेवरून हलकेच फिरवावा.

तयार मॉडेल कसे ठेवावे?

काचेच्या कपाटात, थेट उन्हापासून दूर. उन्हाने पारदर्शक वार्निश पिवळे पडते आणि गडद रंगाचे पंख तापून वाकतात. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने, नाकाकडून शेपटीकडे झटकावी. पंखाच्या टोकाजवळील सळई आणि चाकांच्या झडपा प्रथम तुटतात, म्हणून विमान नेहमी पंखांच्या मुळाशी, खालून दोन बोटांनी उचलावे. कपाट हलवायचे असल्यास मॉडेल बुटांच्या खोक्यात फोमच्या दोन खाचांवर पंख टेकवून ठेवावे, चाकांवर उभे करून नव्हे.